उजव्या चाकाचा पाइप

धडक डाव्या बाजूला बसली होती. फाटलेला ब्रेकचा पाइप उजव्या चाकाचा होता.

करुणाने तो पाइप वारंगा फाट्यावरच्या किसनसिंगच्या गॅरेजात, दारातून येणाऱ्या उन्हात धरला आणि बोटांमध्ये हळूहळू फिरवून पाहिला. वीतभर लांबीचा काळा रबरी तुकडा. तीन बाजूंनी तो नव्यासारखा गुळगुळीत होता. चौथ्या बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत, रबर झिजून सपाट झाले होते. आतली सुताची वीण उघडी पडली होती आणि त्या विणीच्या मधोमध नखाएवढी चीर होती.

"टक्कर में गया, मॅडम," किसनसिंग म्हणाला. "एवढी जोराची धडक. माणूस गेला, अन् तुमी पाइपचं काय घेऊन बसल्या?"

धक्क्याने वस्तू तुटते, झिजत नाही, असे करुणाने त्याला सांगितले आणि डाव्या चाकाचा पाइप मागितला. किसनसिंगने कपाळावरची पगडी मागे सरकवली, ज्या बाजूचा पत्रा आत दबला होता त्या बाजूला जाऊन बसला आणि काही वेळाने दुसरा पाइप घेऊन आला. त्यावर कारखान्याची अक्षरेही वाचता येत होती. ज्या बाजूने पिकअप पुलाच्या कठड्याला आदळली, ज्या बाजूला बसलेले गाडीमालकाचे म्हातारे वडील रखमाजी जागीच गेले, त्या बाजूच्या पाइपला ओरखडासुद्धा नव्हता.

करुणा कळमनुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची सहायक होती. तारा सोडवणे, भिंगे पुसणे, लंबक टांगणे आणि तास संपल्यावर सगळे पुन्हा कपाटात ठेवणे हे तिचे काम. उत्तर आधी ठरवून निरीक्षणे मागाहून भरणारी मुले तिने वर्षानुवर्षे पाहिली होती. मुलांना टोकणे हे सहायकाचे काम नव्हे, म्हणून ती बोलत नसे. गेल्या काही दिवसांत मात्र हीच रीत एका सबंध गावाने तिच्या धाकट्या भावाच्या बाबतीत वापरली होती, आणि या वेळी तिला गप्प बसवत नव्हते.

गावाचे उत्तर आधीच ठरलेले होते. करुणाचा भाऊ रत्नपाल त्या दिवशी देवाला न वळता गेला, म्हणून गाडी आदळली.

दरेगावचे किशनराव शेती करत आणि मेंढ्या-शेळ्यांचा व्यापार करत. त्यांच्या पिकअपवर रत्नपाल चालक होता. गावाच्या मधोमध कडुनिंबाखाली खंडोबाचा दगडी पार आहे. माल भरलेली पिकअप गावाबाहेर पडण्यापूर्वी त्या पाराला पाच प्रदक्षिणा घालणार, हा किशनरावांनी गाडी घेतली त्या दिवसापासूनचा नेम होता. रत्नपालच्या घरी खंडोबा नव्हता. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध होते. पण स्टेअरिंग फिरवण्याला त्याची हरकत नव्हती. देव मालकाचा, चाक मालकाचे, आपण फिरवायचे, असे तो म्हणे. अपघाताच्या सकाळी मात्र तो पाराला न वळता थेट रस्त्याला लागला, हे अनेकांनी पाहिले होते. कळमनुरीच्या अलीकडच्या उतारावर ब्रेकचा पेडल तळाला गेला. समोरून अरुंद पुलावर एसटी येत होती. रत्नपालने गाडी डावीकडे घेतली.

त्यावरूनही गावात एक वाक्य फिरत होते, की पोराने आपली बाजू वाचवली आणि म्हाताऱ्याची बाजू दिली. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या माणसाला एसटी चुकवायची तर डावीकडेच जावे लागते, हे त्या वाक्याच्या जनकाला ठाऊक नसेल असे नाही. वाक्य चांगले जमले होते, एवढेच.

करुणाने किसनसिंगला टायरांविषयी विचारले. ते त्यानेच बसवले होते, म्हणून त्याचा चेहरा आखडला. पावसाळ्यात मेंढवाड्याच्या चिखलात गाडी रुतायची. किशनरावांनी कुठेतरी उंच केलेली पिकअप पाहिली आणि तशीच करून मागितली. किसनसिंगने गाडी पुढून-मागून उचलून दिली आणि तिला उंच, रुंद टायर चढवले. टायर ज्यांवर बसतो त्या चाकांच्या लोखंडी डिस्क मात्र कंपनीच्याच ठेवल्या.

"मी बोललो होतो, डिस्क पण बदला. मालक म्हणले, चांगल्या डिस्क हायत, काहून फेकायच्या? बराबरच होतं त्यांचं. अन् गाडी उचलली म्हंजे जागा झालीच की."

"जागा वर झाली," करुणा म्हणाली. "टायर रुंद झाला तो वर नाही झाला. आत झाला."

किसनसिंगने हे नाकारले नाही. जुनी डिस्क चाकाला आत ओढून धरते, हे त्याला माहीत होते. पण माहीत असणे आणि त्याने बिघाड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते म्हणणे चुकीचे नव्हते. त्याने उजवे चाक जॅकवर उचलले, नवा पाइप आधीच बसवलेला होता, आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. टायरची आतली कड पाइपच्या जवळ आली आणि थांबली. मधल्या फटीत करुणाची करंगळी सहज गेली.

"लागतच न्हाई," किसनसिंग म्हणाला. "आता बोला."

पाइप घासला होता, हे निश्चित होते. तो ज्या टायरने घासला असता तो टायर त्याला लागत नव्हता, हेही निश्चित होते. तिने फाटका पाइप पिशवीत घातला आणि ती कळमनुरीच्या गाडीत बसली. दोन खरी निरीक्षणे एकमेकांशी जुळत नसतील तर तिसरे निरीक्षण राहून गेलेले असते. तिला त्या तिसऱ्या निरीक्षणाचा राग येत होता.

रत्नपाल घरी, खुर्चीत, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. दरेगावाहून निरोप येऊन गेला होता. रखमाजी आबांची तेरवी झाली. येत्या रविवारी गाडी गॅरेजातून येणार. त्याच दिवशी रत्नपालने पारापुढे नाक घासून चूक कबूल करावी. मग कोणाच्या मनात काही राहणार नाही. हात बसला की गाडी पुन्हा त्याच्याच ताब्यात मिळेल.

"घासतो," रत्नपाल म्हणाला. "नाकच हाय. झिजून थोडंच जातं."

करुणाने पिशवीतून पाइप काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. "हे बघ, घासल्यानं काय झिजतं ते."

तो हसला. ती हसली नाही. या हसण्याचाच तिला राग होता. लहानपणी शाळेत कोणी ढकलले तरी तो असाच हसत घरी येई आणि ढकलणाऱ्याचे नाव सांगत नसे. ती त्याला म्हणाली की हे नाक त्याच्या एकट्याचे नाही. आजोबांनी ते कोणापुढे घासले नाही, म्हणून गाव सोडावे लागले. वडिलांनी घासले नाही, म्हणून त्यांची बढती राहिली. आणि आता तो हे सगळे एका रविवारी पिकअपच्या चावीसाठी देऊन टाकणार आहे.

"चावीसाठी न्हाई, ताई."

"मग काहून?"

त्याने आधी तिच्याकडून वचन घेतले, की हे बाहेर कुठेही बोलायचे नाही. आणि तिने रागातच ते दिले.

रखमाजी, म्हणजे किशनरावांचे वडील, आयुष्यभर मेंढ्यांमागे चाललेले. गाडी उंच झाल्यापासून त्यांना केबिनमध्ये चढता येईना, तेव्हा रत्नपालने एक जुना प्लास्टिकचा क्रेट केबिनमध्ये ठेवला होता. तो खाली उतरून क्रेट पालथा घाली, म्हातारा त्यावर पाय देऊन चढे आणि दर वेळी म्हणे, पोराला हत्ती घ्यायचा होता, माहूत मात्र तुला केलं. त्या सकाळी गाडीत मेंढ्या दाटीने भरल्या होत्या. पाराला वळताना गाडी एका अंगाला कलते आणि मेंढ्या एकमेकींवर पडतात. गाभण मेंढ्या होत्या. रखमाजींनी पारापाशी येताच हात वर केला होता.

"म्हणले, राहू दे आज. देव कुठं पळून राहिला का? गाभण हायत बिचाऱ्या, सरळ घे." रत्नपालने हाताखालची उशी सरळ केली. "आता हे मी कसं सांगू? म्हाताऱ्यानंच देव टाळला अन् म्हाताराच गेला, असं म्हणतील. माझं काय, मी परका. मला दोन दिवस बोलतील. त्यांना मेल्यावरबी जन्मभर."

आता आपला राग कुठे ठेवावा हेच करुणाला कळेना. तिच्या हातात भावाला सोडवणारे एक वाक्य होते, आणि ते वापरायला तिने स्वतःच स्वतःला मनाई करून घेतली होती. शिवाय ते वाक्य वापरूनही काय झाले असते? दोष एकाकडून दुसऱ्याकडे गेला असता. न वळल्याने गाडी आदळली हे उत्तर तसेच राहिले असते.

"वळताना गाडी कलते म्हणालास. कलते काहून?" तिने विचारले.

पाराच्या भोवतीचा रस्ता अरुंद होता. एका अंगाला घरांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला पार. उंच गाडीला तो पुरत नसे. स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवावे लागे, आणि तरीही उजवे चाक पाराच्या पायथ्याच्या दगडावर चढे.

"अन् तेव्हा खालून खर्र वाजायचं," रत्नपाल म्हणाला. "बराबर माझ्या पायाखाली. मालकाला सांगितलं होतं मी. म्हणले, दगड घासतो टायरला, दुसरं काय."

"आणखी कुठं वाजायचं?"

"कुठंच न्हाई. तिथंच."

करुणा उठून उभी राहिली. जॅकवर उचललेले चाक खाली लोंबत असते. दगडावर चढलेले चाक, भरल्या गाडीच्या वजनाखाली, वर ढकलले जाते. किसनसिंगने फट मोजली होती ती लोंबत्या चाकाची. तिने स्वतःची करंगळी पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून दरेगावला गेली. आधी पारापाशी. पायथ्याच्या दगडाची कड टायरने काळी केली होती. जमिनीवर पाराभोवती रबराच्या काळ्या ठशांचे एक कडे उमटले होते. गावात हे कडे सगळ्यांच्या रोज डोळ्यांसमोर होते. कोणी त्याला गाडीच्या भक्तीची खूण म्हटले असते तरी तिला नवल वाटले नसते.

किशनरावांनी तिला ओसरीवर बसवले, चहा सांगितला आणि मॅडम म्हणून बोलले. सुतकातून नुकतेच मोकळे झालेले, केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली काळे पडलेले. तिने ज्या माणसाची मनात तयारी करून आणली होती तो हा नव्हता, आणि म्हणून तिला आणखी राग आला. मागे भिंतीला टेकून त्यांची आई सिंधूबाई बसल्या होत्या. त्यांचे कपाळ मोकळे होते. त्या मध्ये काही बोलत नव्हत्या.

"आमी काय त्याला मारून राहिलो का?" किशनराव म्हणाले. "पोलिसात तक्रारसुद्धा दिली न्हाई मी. माझा बाप गेला, मॅडम. एवढंच म्हणतो, देवापुढं ये, चुकलो म्हण. त्यात त्याला काय तकलीफ हाय?"

करुणाने विचारले की ब्रेक गेला हे त्यांना मान्य आहे की नाही. ते मान्य होते. मग ब्रेक कशाने गेला?

"तेच तर म्हणून राहिलो. इतके दिवस न्हाई गेला. रोज वळायचा तवर न्हाई गेला. ज्या दिवशी वळला न्हाई त्या दिवशी गेला. आता तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, ह्याचा अर्थ काय?"

वहीत हा मुद्दा एखाद्या मुलाने लिहिला असता तर शिक्षकांनी त्याला पूर्ण गुण दिले असते, इतका तो नीटनेटका होता. करुणाने कप खाली ठेवला. वाद घालून उपयोग नव्हता. वादात उत्तरे असतात, निरीक्षणे नसतात. रविवारी गाडी आल्यावर पहिली गोष्ट काय होणार, असे तिने विचारले. प्रदक्षिणाच होणार, दुसरे काय. तर मग त्या प्रदक्षिणेआधी उजव्या चाकाच्या नव्या पाइपला भंडारा लावू द्यावा, एवढीच तिची मागणी होती. वळून झाल्यावर तो पुन्हा पाहायचा. भंडारा जिथल्या तिथे राहिला तर रत्नपाल सांगाल ते करेल आणि ती मध्ये येणार नाही.

गाडीला भंडारा लावायला किशनराव नाही म्हणू शकत नव्हते, आणि ती तो लावू मागते आहे याचा अर्थही त्यांना लागत नव्हता. "तुमी भंडारा लावणार?" त्यांनी विचारले.

करुणाच्या दृष्टीने ती हळद होती. बारीक, कोरडी, पिवळी, काळ्या रबरावर स्पष्ट दिसणारी आणि घासली की निघून जाणारी. खडूही चालला असता. पण खडूला या पाराशी कोणी विचारले नसते.

"लावू दे," मागून सिंधूबाई म्हणाल्या. एवढेच.

रविवारी पारापाशी माणसे जमली होती. बायका ओट्यांवर, पुरुष पाराच्या सावलीत. रत्नपाल करुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून आला. त्याने दाढी केली होती आणि पांढरा इस्त्रीचा सदरा घातला होता. एक बाही प्लास्टरसाठी उसवून घेतली होती. नाक घासायला जाताना माणूस इस्त्री करतो, हे करुणाला पाहवले नाही. तिने मान वळवली.

किसनसिंग पिकअप घेऊन आला. दबलेला पत्रा ठोकून सरळ केला होता, रंग अजून दिला नव्हता. तो उतरताच करुणाने त्याला पाइप दाखवायला लावला. निघण्याआधी वारंगा फाट्यावर त्याने तिच्या सांगण्यावरून त्यावर खडूची रेघ ओढली होती. महामार्ग, कळमनुरी, आतला खड्ड्यांचा रस्ता, एवढे सगळे होऊन रेघ जशीच्या तशी होती. किशनरावांनी वाकून पाहिले. "म्हंजे लागत न्हाई," ते म्हणाले.

"रस्त्यावर लागत नाही," करुणा म्हणाली.

मग तिने पारावरच्या वाटीतला भंडारा तळहातावर घेतला, त्यात थोडे पाणी घातले आणि खाली बसून पाइपला सगळीकडून लावला. मागे कोणीतरी कोणाला तरी म्हणाले, ह्यांच्याबी हाताला लागला बघ भंडारा. ती ऐकून घेऊन उठली. गाडी भरलेली असायला हवी होती. मेंढ्या रानात होत्या, म्हणून तिने माणसांना चढायला सांगितले, आणि या कामाला मात्र गाव एका बोलावण्यात तयार झाले. गाडीचा मागचा हौदा भरला. कोणीतरी मेंढीसारखे बें बें केले, हसू झाले, किशनरावांनी वर पाहिले आणि ते थांबले.

स्टेअरिंगवर किशनराव स्वतः बसले. देवाला वळवायची गाडी परक्या मिस्त्रीच्या हाती द्यायची नव्हती. सिंधूबाई पारासमोर उभ्या होत्या. रत्नपालने चांगल्या हाताने केबिनमधला क्रेट काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि त्यांच्यामागे पालथा ठेवला. त्या त्यावर बसल्या.

गाडी पहिल्या वळणाला लागली. स्टेअरिंग टोकाला गेले, उजवे चाक पायथ्याच्या दगडावर चढले, हौद्यातली माणसे एका अंगाला कलली, आणि खालून आवाज आला. खर्र. तो पाराशी बसलेल्या सगळ्यांनी ऐकला, कारण आज कोणी घंटा वाजवत नव्हते. गाडीने पाच फेरे घेतले. आवाज प्रत्येक वेळी तिथेच आला. शेवटच्या फेऱ्यानंतर किशनरावांनी इंजिन बंद केले आणि कोणी काही म्हणण्याआधी ते स्वतः उतरून, पोटावर पडून, चाकामागे शिरले.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. किसनसिंगही शेजारी आडवा झाला. पाइपच्या एका बाजूचा भंडारा अंगठ्याएवढ्या जागेत साफ निघून गेला होता आणि खालचे नवे रबर भुरकट झाले होते. टायरच्या आतल्या कडेला एक पिवळे कडे उमटले होते.

"माझ्याच हाताचं काम हाय," किसनसिंग गाडीखालूनच म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळले नाही.

किशनराव बाहेर आले आणि गुडघ्यांवर बसून राहिले. त्यांच्या नाकाच्या शेंड्याला माती लागली होती. कोणी त्यांना तसे सांगितले नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "एक सांगा. त्या दिवशी हा वळला असता, तर पाइप इथंच फुटला असता का? पारापाशी? गाडी हळू असताना?"

करुणाला प्रश्न लगेच कळला, आणि त्याचे खरे उत्तर कुठे जाते हेही कळले. नाही म्हणणे सोपे होते. इथे तिला कोणी तपासले नसते.

"फुटला असता, कदाचित," ती म्हणाली. "फुटला नसताही. आदल्या दिवशीही फुटू शकला असता, सांगता येत नाही. पण तो त्या दिवशी कापला गेला नाही. इतके दिवस रोज वळला, म्हणून कापला गेला." तिचा आवाज चढला. तिने तो आवरला नाही. "त्याने तुम्हाला सांगितलं होतं, खालून वाजतं. तुम्ही म्हणालात, दगड आहे. त्याचं ऐकायचं नव्हतं तेव्हा तो नुसता ड्रायव्हर होता, आणि आता नाक घासायला तुम्हाला पूर्ण माणूस पाहिजे."

पाराच्या सावलीतून कोणीतरी म्हणाले, तरीबी त्यानं वळायला पायजे होतं. दुसऱ्याने व्हय म्हटले. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पिवळा होऊन पडला होता, आणि उत्तर आपल्या जागेवरून हलत नव्हते.

तेव्हा सिंधूबाई क्रेटवरून उठल्या आणि रत्नपालसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हातारा काय म्हणला व्हता रे तुला? इथं पारापाशी?"

रत्नपालने खाली पाहिले. "आठवत न्हाई, माय."

"गाभण मेंढ्या व्हत्या गाडीत."

"व्हय."

"मग मला ठावं हाय काय म्हणले असतील," सिंधूबाई म्हणाल्या. "बैलगाडीत गाभण मेंढी असली की मला उतरवून पायी चालवायचे. देवाला थांब म्हणायला त्यांला कवाच भ्याव वाटलं न्हाई." त्या गावाकडे वळल्या. "नाक घासायचं असल तर त्यांचं घासा. आणा कुठून आणता ते."

पुरुष एक एक करून उठले, काही घरी गेले, काही नुसतेच पाराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. किशनराव उभे राहिले. त्यांनी खिशातून चावी काढली आणि रत्नपालपुढे धरली. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

"पहिले डिस्क बदला, मालक," रत्नपाल म्हणाला. "मग बघू."

परतताना करुणा मोटारसायकल चालवत होती आणि तो मागे बसला होता. उताराचा पूल आला तेव्हा तिने गाडी हळू केली. कठड्याचा तुटलेला भाग अजून तसाच होता. तिचा राग गेला नव्हता. तो जावा असे तिला वाटतही नव्हते. घरी आल्यावर तिने हात धुतले. नखांतली हळद निघाली नाही.

कारण असे होते. गाडी उंच केल्याने टायरला वर जागा मिळाली, बाजूला मिळाली नाही. डिस्क जुन्याच राहिल्याने रुंद टायरची आतली कड ब्रेकच्या पाइपजवळ आली. रस्त्यावर चालताना ती पाइपला लागत नसे. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे, चाक दगडावर चढलेले आणि गाडी भरलेली, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच लागे. आणि त्या फक्त पाराला प्रदक्षिणा घालताना एकत्र येत. देव उजव्या हाताला ठेवून वळायचे असते, म्हणून डावा पाइप कोरा राहिला आणि उजवा रोज सकाळी थोडा थोडा कापला गेला. उतारावर तो फुटला. मागच्या चाकांचे ब्रेक शिल्लक होते. भरल्या गाडीला आणि मोठ्या टायरांना ते पुरले नाहीत. रखमाजी त्यामुळे मेले.